बॉयलर हरवलेला नाही, तो कधी नव्हताच!

जुना फिटर:
कालची पोस्ट: ‘जुनं पितळी मॉडेल मिळालं. वाफेचं इंजिन, बॉयलर हरवलाय. जर्मन खेळणं दिसतंय. या मापाचा बॉयलर कुठे मिळेल?’ खाली नुसती वाहवा. फोटो मोठा करून एकानेही पाहू नये? वाफ आत यायला नळी कुठंय? झडप कुठंय? एकाच क्रँकशाफ्टवर दोन दट्ट्ये, साधारण काटकोनात, आणि लांब सिलिंडरचं बंद टोक काळंनिळं पडलेलं. अहो, हे गरम हवेचं इंजिन! स्टर्लिंगने १८१६ साली पेटंट घेतलं त्या घराण्यातलं. लांब, मुद्दाम सैल ठेवलेला दट्ट्या आतली हवा गरम-थंड टोकांमध्ये फिरवतो, खरी ताकद दुसरा, घट्ट दट्ट्या देतो. खाली स्पिरिटचा दिवा ठेवा नि बॉयलरचे पैसे वाचवा.

तेलकट हात:
ज्योत आत ओढून घेणारी इंजिनंही असतात. त्यांचंही टोक काळवंडतं. इतकी घाई कशाला?

जुना फिटर:
त्यांना ज्योतीसमोर भोक लागतं आणि ते वेळेवर झाकणारी झडप. दाखवा.

मूळ पोस्टवाला:
भोक नाही. परवाच घासून लख्ख केलंय, त्यामुळे नीट दिसतं. लांब दट्ट्या खरंच सैल आहे. झिजलाय समजून नवा घट्ट बसवणार होतो.

पितळवेडा:
घासलं?? संपलं! माझ्या मॉडेलवर ‘डी.आर.जी.एम.’ होतं, म्हणजे १८९१ नंतरची जर्मन नोंदणी. आधीच्या मालकाने पॉलिश मारमारून शेवटचा ‘एम’ तेवढा ठेवला. दोन वर्षं मी ‘एम’ नावाचा कारखाना शोधत होतो!

तेलकट हात:
तुम्ही येडेपणा केलात त्यात पॉलिशचा काय दोष? यंत्र फिरवायला असतं, काचेत ठेवून पुजायला नाही.

पितळवेडा:
तुमच्यासारख्यांमुळेच निम्म्या मॉडेलांचा बाप सापडत नाही. मूळ रंग, छाप, सगळं चिंधीत पुसून जातं.

मूळ पोस्टवाला:
भांडा खुशाल. पण स्क्रूचा व्यास ४.७ मिमी, आणि दहा आट्यांना आठ मिमीच्या जरा वर.

तेलकट हात:
५ मिमीचा मेट्रिक, झिजलेला. म्हणजे जर्मनच.

जुना फिटर:
टू बीए! म्हणजे ‘ब्रिटिश असोसिएशन’चं १८८४ सालचं स्क्रूचं माप, दोन आट्यांमधलं अंतर ०.८१ मिमी. नवा ५ मिमी स्क्रू भोकात घालून बघा.

तेलकट हात:
स्क्रू बदलले नसतील कशावरून? माझ्या घड्याळात तीन देशांचे आहेत.

मूळ पोस्टवाला:
५ चा शिरतच नाही. बैठकीच्या बिडातल्या भोकांचे आटेही त्याच मापाचे. एका भोकाशेजारी जागा आखायला मारलेल्या पंचाच्या तीन खुणा, भोक तरी तिरकंच.

तेलकट हात:
बरं, भोकं कुणी बदलत नाही. जर्मन नाही, आणि इतकं तिरकं भोक म्हणजे कारखान्याचंही नाही. ओतीव भाग आणून कुणा हौशाने घरच्या लेथवर केलंय. साल मात्र १८८४ धरू नका, बीए आटे पुढेही कित्येक वर्षं पाडले जात होते. झालं समाधान, गुरुजी?

जुना फिटर:
उशिरा का होईना. शाफ्टवर खाच असलेली पुली आहे ना? दोरी लावून एखादं हलकं खेळणं फिरवत असणार. पाण्याचा पंप चालवायची ताकद यात नाही.

पितळवेडा:
पुली तरी घासली नाहीत ना? दोरीची जुनी रेघ असेल तिच्यात.

मूळ पोस्टवाला:
…तीच आधी घासली.