कांडोळाच्या डिंकाचे हायड्रोजेल फुगते, पण टिकत नाही

प्रश्न : पदव्युत्तर विद्यार्थिनी, कोल्हापूर

नमस्कार. जखमेवरील पट्टीसाठी कांडोळाच्या, म्हणजे कराया डिंकाचे हायड्रोजेल (पाणी धरून फुगणारे, पण न विरघळणारे जाळे) करण्याचा माझा प्रकल्प आहे. लक्ष्मीपुरीतून आणलेला डिंक कुटून, पाण्यात भिजवून मी गाळून घेते, त्यात सायट्रिक आम्ल मिसळते आणि पातळ थर ६० अंश सेल्सिअसला वाळवते. पीएच ७.४ च्या फॉस्फेट बफरमध्ये ३७ अंशांना थर भरपूर फुगतो, पण दुसऱ्या दिवशी चिमट्याने उचलताना त्याचा चिकट लगदा होतो. एफटीआयआरमध्ये (रेणूंतील बंध ओळखणाऱ्या अवरक्त किरणांच्या चाचणीत) १७३० सेमी⁻¹ च्या जवळ एस्टर बंधाचा पट्टा दिसतो, म्हणजे क्रॉसलिंकिंग (डिंकाच्या साखळ्यांची एकमेकींशी जोडणी) झालेले असावे. मग जेल का टिकत नाही?

उत्तर १

आपण ज्या दोन गोष्टींना पुरावा मानत आहात, त्या दोन्ही या डिंकात मुळातच असतात. त्याच्या साखळीवरील अॅसिटिल गटांमुळे तो विरघळण्याऐवजी फुगतो, आणि १७३० च्या जवळचा पट्टाही तेच गट देतात. म्हणून आम्लाशिवाय केलेला थर शेजारी ठेवून मोजल्याखेरीज फुगण्याच्या आकड्याला अर्थ नाही. ६० अंशांना फक्त पाणी जाते. सायट्रिक आम्लाचे अनहायड्राइड (पाणी निघून गेलेले, चटकन जोडले जाणारे रूप) होऊन ते डिंकाच्या हायड्रॉक्सिल गटांशी जोडले जावे, यासाठी वाळलेला थर साधारण १४० अंशांच्या आसपास काही मिनिटे तापवावा लागतो. तो तपकिरी पडू लागला तर तापमान उतरवावे.

त्यानंतर आधी जेल-अंश, म्हणजे धुतल्यावर न विरघळता उरणारा भाग, काढा: वाळलेल्या थराचे वजन घ्यावे, पाणी बदलत तो धुवावा, पुन्हा वाळवून उरलेले वजन मूळ वजनाशी ताडावे. फुगण्याचे गुणोत्तर (फुगलेल्या आणि वाळलेल्या वजनाची तुलना) या धुतलेल्या थरावरच काढावे. आपल्याकडच्या पावसाळी हवेत वाळलेला थर तराजूवरच ओल धरतो, तेव्हा डेसिकेटरमधून (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यातून) काढताक्षणी वजन करणे बरे.

उत्तर २

पेशींवरील चाचणीचाही आताच विचार करावा. हा डिंक साठवणीत अॅसेटिक आम्ल सोडतो, त्याचा वास बंद बरणी उघडताच येतो. ते आणि न जोडलेले सायट्रिक आम्ल धुऊन काढले नाही, तर पेशी वाढवण्याचे माध्यम पिवळे पडते आणि पेशी जेलमुळे नव्हे, आम्लामुळे मरतात. आयएसओ १०९९३-५ या पेशी-विषारीपणाच्या चाचणीच्या मानकानुसार जिवंत पेशींचे प्रमाण ७० टक्क्यांखाली गेले की पदार्थ विषारी ठरू शकतो, आणि एक चांगला पदार्थ अशा कारणाने बाद व्हावा, हे मला फार वाईट वाटते. सालीचे काळे कण निवडून काढा. त्यांतील टॅनिन एमटीटीला (जिवंत पेशींमुळे रंग बदलणाऱ्या चाचणी-रसायनाला) पेशींविनाच रंग आणू शकते, म्हणून पेशी नसलेला नमुनाही ठेवा. निर्जंतुकीकरणासाठी वापरायची ऑटोक्लेव्हची दाबाखालची वाफ आणि गॅमा किरण, दोन्हींनी साखळ्या तुटू शकतात. निर्जंतुकीकरणाआधी आणि नंतर रिओमीटरवर (पदार्थाचा लवचीकपणा मोजणाऱ्या यंत्रावर) जी′, म्हणजे जेलचा ताठपणा, मोजावा.

विद्यार्थिनी

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. अॅसिटिल गट आधीच काढून टाकले तर चालेल का?

उत्तर १

चालेल. सौम्य अल्कलीने ते निघतात, मग डिंक पाण्यात विरघळतो. अशा डिंकाचा थर तापवून, नीट धुतल्यावरही अखंड राहिला आणि १७३० चा पट्टा दिसला, तर तो जोडणीचा बराच भक्कम पुरावा ठरेल.