जालना : नववीच्या मुलांना कामाचा अनुभव कुठं द्यावा?

प्रश्न : २४ मुलं, दिवाळीनंतर पाच दिवस. दुकान-कारखान्यांचे मालक नाही म्हणतात.

उत्तर : सर, एका ठिकाणी दोनच मुलं द्या. पत्रात वेळ आणि नेमकं काम लिहा. नुसतं "सहकार्य करावे" वाचून मालक बिचकतो, बालकामगाराच्या केसची भीती असते.

उत्तर : भीती रास्तच आहे. १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावता येत नाही, १८ खालच्यांना धोकादायक कामावर नाही. जन्मतारखा आधी तपासा. स्टीलची रोलिंग मिल नकोच. बियाणे कंपनीत उगवणशक्ती चाचणी बघू द्या : ओल्या कागदावर शंभर दाणे ओळीत मांडायचे, गुंडाळी उभी ठेवायची, मग कोंब मोजायचे. पोरं रमतात.

उत्तर : दिवाळीनंतर मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, सोयाबीनची आवक, व्यापारी मान वर करत नाही. ऑगस्ट धरा. पालकांची सही विसरू नका.