'टेक'ची यादी पाठ करायची, की नाम धरून शिकायचं?

गंगापूररोडकर
भाचीच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासच्या नोट्स चाळत होतो. क्लास नाशिकच्या कॉलेज रोडवरचा, नाव सांगत नाही. 'टेक'साठी अख्खी दोन पानं. टेक आफ्टर म्हणजे सारखं दिसणे, टेक इन म्हणजे फसवणे, टेक ऑफ म्हणजे उड्डाण करणे. त्याच रांगेत मधूनच टेक केअर ऑफ, टेक पार्ट इन, टेक प्राइड इन. समोर मराठी अर्थ आणि खाली सूचना: सोमवारी तोंडी परीक्षा.

माझं म्हणणं असं, की दोन वेगळ्या जातीचा माल इथे एकाच पोत्यात भरलाय. टेक केअर ऑफमध्ये 'टेक'ला फारसं काम नाही. अर्थ केअरमध्ये आहे. पुढचं प्रिपोझिशनही नामच घेऊन येतं. मराठीत आपण 'घेणे'चे अर्थ कधी पाठ केले? काळजी घेतो ती आईची, भाग घेतो तो स्पर्धेत, संशय घेतो तो शेजाऱ्यावर. ची, त, वर हे कुणी शिकवलं नाही, ते त्या त्या नामाबरोबर आले. इंग्रजीतही पार्ट आलं की इन, नोट आलं की ऑफ, ऑफेन्स आलं की ॲट, इश्यू आलं की विथ.

तेव्हा याद्या बंद करा आणि नामं शिकवा. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी बारावीचं पोरगं 'टेक पार्ट ऑन' लिहितं. त्याला यादी कमी पडली असं मला वाटत नाही.

पाटीवाला_सर
मी क्लास चालवतो (तुमच्या भाचीचा नव्हे), म्हणून उत्तर देणं भाग आहे. माझ्याकडे सिन्नर, दिंडोरीहून पोरं एसटीने येतात. कुणाला बँकेची परीक्षा द्यायची आहे, कुणाला एनडीएची. पेपरात येतं: 'शी टेक्स डॅश हर मदर.' गाळलेल्या जागेत आफ्टर. सांगा, इथे नाम कुठलं धरू? टेक टू, टेक ओव्हर, टेक ऑन यांतही नाम नाही. यादीला तुम्ही नावं ठेवता, पण पोराच्या हातात चार महिने असतात आणि यादीने मार्क मिळतात. घरात बसून तत्त्वज्ञान सांगायला काय जातंय!

देवळालीकर
सर, आफ्टर आणि ऑफ एका यादीत ठेवलेत तिथेच घोळ झाला, असं मला वाटतं. बूट काढायचे असतील तर टेक ऑफ युअर शूज चालतं, टेक युअर शूज ऑफही चालतं. सर्वनाम आलं की एकच रस्ता उरतो: टेक देम ऑफ. टेक ऑफ देम म्हटलं की गेलं. आफ्टरचं याच्या उलट. टेक आफ्टर हर बरोबर, टेक हर आफ्टर कुणी म्हणत नाही. कारण आफ्टर हे खरं प्रिपोझिशन आहे आणि ऑफ इथे क्रियाविशेषण म्हणून आलंय. बोलतानाही ऑफवर जोर येतो, आफ्टरवर सहसा येत नाही. ही गोष्ट यादी सांगत नाही आणि गंगापूररोडकरांची नामंही सांगत नाहीत.

सावानाचा_वाचक
नामच प्रिपोझिशन आणतं, हे मला पटत नाही. उदाहरणंच देतो.

फील पिटी फॉर, पण टेक पिटी ऑन. नाम तेच, प्रिपोझिशन बदललं.
हॅव ॲन ॲडव्हान्टेज ओव्हर म्हणजे वरचढ असणं. टेक ॲडव्हान्टेज ऑफ म्हणजे फायदा घेणं, बरेचदा गैरफायदा.
प्राइड तर तिन्ही वाटांनी जातं: टेक प्राइड इन, विशेषण झालं की प्राउड ऑफ, क्रियापद झालं की प्राइड युअरसेल्फ ऑन.

म्हणजे ऑन कुणी आणलं? 'पिटी'ने आणलं असतं तर फीलबरोबरही तेच यायला हवं होतं. क्रियापदाला काम नाही हे तुमचं वाक्य मागे घ्या. मराठीतही काळजी करणं वेगळं आणि काळजी घेणं वेगळं. आई दोन्ही करते, पण एकीने तिचं बीपी वाढतं आणि दुसरीने आपलं कमी होतं.

निफाडची_बाग
मास्तर मंडळींच्या भांडणात शेतकऱ्याने बोलावं का, माहीत नाही. आमची द्राक्षं युरोपला जातात. रेसिड्यू रिपोर्ट, कंटेनर, तापमान, सगळं मेलवर चालतं. गेल्या हंगामात माल पोहोचायला उशीर झाला आणि खरेदीदाराने लिहिलं, 'वुई टेक एक्सेप्शन टू द डिले.' ऑफिसातल्या पोराने वाचून सांगितलं, काका, यावेळचा उशीर अपवाद म्हणून सोडलाय. मी निवांत. दोन दिवसांनी फोन आला तेव्हा पलीकडचा माणूस चांगलाच तापलेला होता.

पोराला एक्सेप्शन म्हणजे अपवाद हे पक्कं ठाऊक होतं, बरं का. मेक ॲन एक्सेप्शन फॉर असतं तर त्याचा अर्थ बरोबरच निघाला असता. टेक आलं, पुढे टू आलं आणि सूटचा आक्षेप झाला. गंगापूररोडकर, नुसतं नाम शिकवून आमचं पोरगं वाचलं नसतं. सर, तुमच्या यादीत हे होतं का?

पाटीवाला_सर
नव्हतं. आजपासून आहे. म्हणजे यादी वाढवायची, बंद करायची नाही!

गंगापूररोडकर
सगळ्यांना एकत्र उत्तर.

सावानाचे वाचक, पिटीचं उदाहरण जबरदस्त आहे. पण त्याने यादीवाल्यांची बाजू भक्कम होत नाही. क्रियापद, नाम आणि प्रिपोझिशन तिन्ही एकमेकांना धरून आहेत, म्हणजे तिन्ही एका दमात शिकायला हवीत आणि तीही वाक्यातून. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये मांडलं होतं, की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. त्याच्याही आधी, १९३३ मध्ये, हॅरल्ड पामर यांनी टोकियोत इंग्रजी शब्दांच्या अशा ठरलेल्या संगतींचा अहवाल काढला होता. जपानी पोरांना इंग्रजी शिकवताना नेमकं हेच अडत होतं. आपली अडचण काही जगावेगळी नाही.

सावानाचा_वाचक
आधी म्हणालात नाम, आता म्हणता तिन्ही. गोलपोस्ट गंगापूर धरणापर्यंत सरकवलात.

गंगापूररोडकर
धरणापर्यंत नाही, सोमेश्वरपर्यंत. यादीला माझा विरोध तसाच आहे. टेकच्या खाली तीस ओळी लिहिल्या की पोराच्या डोक्यात तीस टेक एकमेकांत गुंततात. पिटीच्या पानावर फील फॉर आणि टेक ऑन शेजारी ठेवले, एक्सेप्शनच्या पानावर मेक फॉर आणि टेक टू ठेवले, तर फरक डोळ्यांसमोर राहतो. पान नामाचं असावं, एवढं तरी मान्य करा. आफ्टर, ऑफ, ओव्हर यांचं देवळालीकर म्हणतात तसं वेगळं पान करा.

द्वारका_सर्कल
इतका वेळ नुसता वाचत होतो. 'घेणे'सारखे मराठीचे दाखले देणाऱ्यांना एक इशारा. आपल्याकडे विद्यार्थी परीक्षा देतो आणि मास्तर घेतो. इंग्रजीत विद्यार्थी टेक्स द एक्झाम आणि मास्तर गिव्ह्ज. बरोबर उलटं. मी मुलाखतीत 'आय गेव्ह द एक्झाम' म्हणणारे रोज ऐकतो. भारतात सगळ्यांना कळतं, पण परदेशी माणसाला वाटेल हा परीक्षकच आहे.

सोसायटीच्या फळ्यावर 'द मीटिंग वॉज टेकन प्लेस' दिसतं, त्याचंही मूळ मराठीत आहे. 'सभा घेण्यात आली' डोक्यात असतं, म्हणून कर्मणी होतं. टेक प्लेस आपोआप घडतं, त्याला कर्मणी नाहीच. द मीटिंग टुक प्लेस. सभा कुणी 'घेतली' हे सांगायचं असेल तर हेल्ड म्हणा.

निफाडची_बाग
आणि 'डोन्ट टेक टेन्शन'? ते तर आमच्याकडे ट्रॅक्टरच्या मागे लिहिलेलं असतं.

द्वारका_सर्कल
ते 'टेन्शन घेऊ नको'चं थेट इंग्रजी. लंडनला चालणार नाही, लासलगावला धावतं. ट्रॅक्टरवर राहू द्या, खरेदीदाराला मेल करताना डोन्ट वरी लिहा.

पाटीवाला_सर
आणि टेक अ डिसिजन? मी मेक शिकवतो. परवा अंबडच्या कंपनीतला एक विद्यार्थी म्हणाला, आमचे साहेब टेकच म्हणतात.

देवळालीकर
साहेबांचं चुकलेलं नाही. मेक ब्रिटनमध्येही चालतं, अमेरिकेतही. टेक अ डिसिजन ब्रिटनमध्ये चालतं, अमेरिकन कानाला खटकतं. अंघोळीचंही तसंच, टेक अ बाथ अमेरिकेकडे जास्त, हॅव अ बाथ ब्रिटनकडे. परीक्षेत मेक लिहायला सांगा, कुठेही अडणार नाही. पण पोराने टेक लिहिलं म्हणून मार्क कापू नका.

पाटीवाला_सर
मार्क मी कापत नाही, पेपर काढणारा कापतो. त्याचं उत्तर एकच असतं. नामाची पानं करून बघतो, पण यादी माझ्याकडून सुटणार नाही.