'सई' म्हणजे नक्की काय? बारशाआधी निकाल लावा

कोथरूडकर_मामा: भाचीचं बारसं रविवारी. नाव 'सई' ठरलंय, पण घरात दोन तट. बहिणीला मोबाइलवरच्या नावांच्या यादीत 'फूल' असा अर्थ सापडला. माझ्या मते सई म्हणजे मैत्रीण, विषय संपला. संस्कृत सखी, प्राकृतात सही, पुढे ह गळून सई. 'लिख'चं आपण लिहिणं केलं, त्यातलाच प्रकार. फूलवाल्यांनी बहुधा सायलीशी घोळ घातलाय.

पेठेतला: व्युत्पत्ती मान्य, पण नाव व्युत्पत्तीवर चालत नाही. इंग्रजीत एस-ए-आय लिहिलं की सगळे 'साई' वाचतात. पुतणीच्या शाळेच्या दाखल्यावर 'साई' आलं, वर लिंगाच्या रकान्यात 'पुरुष'. दुरुस्तीला दोनदा खेटे. सरळ 'मुक्ता' ठेवा.

कोथरूडकर_मामा: मग शेवटी डबल ई लावू. इंग्रजीत बसत नाही म्हणून नाव टाकायचं, तर ज्ञानदा नावाच्या मुलींनी काय करायचं?

गडभटक्या: एवढा काथ्याकूट कशाला? शिवरायांच्या थोरल्या राणीसाहेब सईबाई, फलटणच्या निंबाळकरांच्या घरातल्या. १६५९ साली राजगडावर वारल्या, तेव्हा शंभूराजे जेमतेम दोन वर्षांचे. पद्मावती माचीवर समाधी आहे, जाऊन या.

पेठेतला: आदर आहेच, पण प्रश्न अर्थाचा होता. शिवाय आमच्या सोसायटीत 'सई' अशी हाक मारली की तीन गॅलऱ्यांतून उत्तर येतं.

जात्यावरची: मला नुसतं 'मैत्रीण' पुरत नाही. मराठीत 'सय' पण आहे की, आठवण. तीही स्मृतीपासून प्राकृतात 'सइ' होऊनच आलीय. दोन्ही शब्द झिजून झिजून शेजारी येऊन बसलेत. नाव ऐकताना दोन्ही कानावर पडतात, मग एकच का धरायचा?

कोथरूडकर_मामा: ऐकायला गोड, पण मुळं वेगळी. हाल राजाच्या गाथासप्तशती या जुन्या काव्यसंग्रहात, म्हणजे आपल्या महाराष्ट्री प्राकृतात, बायका मनातलं सांगताना 'सहि' अशी हाक मारतात. ती समोरच्या मैत्रिणीला. आठवणीला कोणी हाक मारतं का?

जात्यावरची: मारतात हो, विरहात मारतात. ते असू दे. तुम्ही मामा ना? नाव ठेवायचा मान आत्याचा. तिला विचारलंत का?

कोथरूडकर_मामा: विचारलं. ती 'मायरा' म्हणतेय.

पेठेतला: सई ठेवा. डबल ई.