मदत हवी आहे: फ्लक्सवाल्या सोल्डर वायरला वरून पेस्ट लागतेच का?

घाईतला_गणेशभक्त: गणपती चार दिवसांवर आलेत आणि डाग काही धरत नाही. रिळावर फ्लक्स कोअर लिहिलंय, म्हणजे डाग धरायला लागणारा फ्लक्स सोल्डरच्या आतच भरलाय, मग पेस्टची डबी वेगळी कशाला? दुकानदार म्हणतो घ्याच. त्याला काय, विकायलाच बसलाय. सोल्डरची गोळी होते आणि बोट लावलं की पडते. पटकन सांगा.

खटपट्या: डाग कशाला देताय? आयर्न किती वॉटचं? सोल्डर ६०/४० (कथील-शिशाचं) की बिनशिशाचं?

घाईतला_गणेशभक्त: मखराच्या एलईडी पट्टीला. २५ वॉट. ६०/४०. प्रश्न पेस्टचा आहे हो.

कोकणचा_बाप्या: नवसागर लावा. आमच्याकडे कल्हईवाला तेच लावायचा, कथील कसं सरसर पसरायचं!

खटपट्या: बाप्या, ते पातेलं होतं. नवसागर काय, नळाच्या कामाचा ॲसिड फ्लक्स काय, तारेत मुरला की पावसाळाभर तांबं खात बसतो.

कोकणचा_बाप्या: आमच्या रेडिओला वीस वर्षं काही झालं नाही.

म्युनिकचा_मन्या: शिसं वापरूच नका. युरोपात जुलै २००६ पासून नव्या उपकरणांत त्यावर बंधन आहे (काही अपवाद सोडून). मी कथील-चांदी-तांब्याचं वापरतो, २१७ अंशांच्या पुढे वितळतं.

खटपट्या: मन्या, त्यांचं १८३ ला मऊ पडणारंच धरेना, तुम्ही २१७ कुठे सांगताय! गणेशभक्त, तार नवी की जुनी? आणि सोल्डर आधी बिटवर (आयर्नच्या टोकावर) घेऊन मग तारेला लावता का?

घाईतला_गणेशभक्त: बिटवरच घेतो, दुसरं कसं घेणार? तार गेल्या वर्षीचीच, माळ्यावरची. सोलल्यावर आतून काळपट आहे, टोकाला हिरवट.

खटपट्या: हे आधी सांगायचं ना! बिटवर सोल्डर वितळलं की आतली राळ, म्हणजेच फ्लक्स, तिथेच धूर होऊन जाते. जोडापर्यंत नुसतं कथील-शिसं पोचतं, म्हणून गोळी. बिट तारेला टेकवा, दोनेक सेकंद थांबा आणि सोल्डर दुसऱ्या बाजूने तारेला लावा, बिटला नाही. नव्या चकचकीत तारेला वरून काही लागत नाही. पण काळ्या तारेला आतली दोनेक टक्के राळ पुरत नाही. इंचभर कापून बघा. आतही काळीच निघाली तर ब्लेडने खरवडा, मग चिमूटभर पेस्ट. राळेचीच घ्या, ॲसिडवाली नको.

मीनल_ताई: त्यापेक्षा नवी पट्टीच घ्या ना, क्लिपवाली. डागायची भानगडच नाही.

घाईतला_गणेशभक्त: ताई, पट्टी चांगली आहे, तार खराब आहे. इंचभर कापली, आतही काळीच. खरवडून लावलं तर लाल वेष्टनाची तार धरली! सोल्डर आत शिरताना दिसलं. काळ्या वेष्टनाची अजून धरत नाही. दुकान आठला बंद होतं, डबी आणायला चाललोय.

कोकणचा_बाप्या: नवसागर घरात असेलच की.