समलिंगी लग्नाचा प्रश्न मतदानाला टाकावा का?

नेरुळ_जुना

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. नेरुळ पश्चिम, सिडकोच्या काळातली चार मजली इमारत, लिफ्ट नाही, वरची टाकी गळकी. पाऊण तास टाकीवरच गेला. मग आयत्या वेळच्या विषयात एकाने ठराव मांडला की यापुढे फ्लॅट 'फक्त कुटुंबांनाच' भाड्याने द्यावेत. कोणाबद्दल बोलणं चाललंय ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिसऱ्या मजल्यावर दोन मुलगे राहतात, तिशीतले, दोघं नोकरीला. कोणाच्या अध्यात ना मध्यात. नाव कोणीच घेतलं नाही. हात वर करा म्हटलं, हात वर झाले, ठराव मंजूर, मग बटाटेवडे.

माझा मामेभाऊ कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असतो. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "अरे, आमच्याकडे अख्ख्या राज्याने हेच केलं होतं." मे २००८ मध्ये तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी लग्नाला मान्यता दिली. जूनमध्ये लग्नं लागायला लागली, १८ हजारांच्या आसपास जोडप्यांनी उरकूनही घेतली. आणि नोव्हेंबरात 'प्रपोझिशन ८' नावाचा प्रस्ताव मतपत्रिकेवर आला: लग्न फक्त स्त्री-पुरुषाचंच धरावं. ५२ टक्क्यांनी मंजूर! त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर त्याच राज्याने ओबामांना ६१ टक्के मतं दिली. भाऊ तेव्हा नुकताच नागरिक झाला होता, आयुष्यातलं पहिलं मत. ओबामांनाही हो, बंदीलाही हो. आज विचारलं तर खांदे उडवतो.

माझं मत सांगतो. भारतातही हा प्रश्न लोकांपुढे टाकावा. कोर्टाने वरून दिलेलं लोकांच्या गळी उतरत नाही. आयर्लंडने २२ मे २०१५ रोजी सार्वमत घेतलं. कॅथलिक देश, तरी ६२ टक्के लोक हो म्हणाले. परदेशात गेलेली मुलं विमानाने मत द्यायला घरी आली. दारोदार फिरून, आजीशेजारी बसून समजावून मिळवलेला निकाल होता तो, त्यावर नंतर फारसं कोणी बोट ठेवलं नाही. आपल्याकडे हे का नको?

खारघर_हिल्स

घ्या की मतदान. निकाल आत्ताच लिहून देतो.

लग्न म्हणजे दोन माणसांची सोय नव्हे. त्यात दोन घरं, पुढची पिढी, वारसा, नात्यांची अख्खी उतरंड येते. उद्या जावई कोणाला म्हणायचं आणि सून कोणाला, हा विनोदाचा प्रश्न नाही, आपली सगळी नाती त्या शब्दांवर उभी आहेत. कोणी कोणाबरोबर राहावं यात मी पडत नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंध गुन्हा नाही असा कलम ३७७ चा निकाल आला तेव्हाही मला वाईट वाटलं नव्हतं, पोलिसांनी कोणाच्या खोलीत डोकावू नये. पण 'लग्न' हा शब्द समाजाचा आहे. तो बदलायचा तर समाजाला विचारूनच. आणि विचारलंत तर ९९ टक्के लोक नाहीच म्हणतील.

कोपरी_ते_कोर्टनाका

हा ९९ चा आकडा ओळखीचा वाटतो. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुनावणी चालू असताना बार कौन्सिल ऑफ इंडियाने ठराव केला, त्यात देशातल्या ९९.९ टक्क्यांहून अधिक लोकांचा विरोध असल्याचं म्हटलं होतं. कोणी मोजलं, कुठे मोजलं, काही नाही. मी स्वतः वकील, मला कोणी विचारलं नाही. त्याच वर्षीच्या प्यू या अमेरिकन संस्थेच्या पाहणीत भारतातले ५३ टक्के प्रौढ समलिंगी लग्नाला कायदेशीर मान्यता द्यावी म्हणाले, ४३ टक्के विरोधात. या पाहणीवरही डोळे मिटून विसंबू नका, पण निदान दारावर जाऊन विचारलं तरी होतं.

आता धागाकर्त्यांना. पहिलं म्हणजे, आपल्या राज्यघटनेत कायद्यावर सार्वमत घेण्याची सोयच नाही. दुसरं, तुमच्या सोसायटीचा ठराव. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, कळवावं लागतं. करार, पोलिसांकडे भाडेकरूची नोंद, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसल्याचं शुल्क) भरले की झालं. 'कुटुंब' म्हणजे कोण हे हात वर करून ठरवणारे तुम्ही कोण?

तिसरं, तुमचा हात कुठे होता?

नेरुळ_जुना

मुद्दा माझ्या हाताचा नाही, तत्त्वाचा आहे. उपविधींची माहिती उपयोगी, धन्यवाद.

पाम_बीचवरून

अवांतर: टाकीचं काय झालं?

घंटाळीचे_नाना

वय ७४. मतं जुनी आहेत, आधीच सांगतो.

कायदा केला म्हणून माणसं बदलत नाहीत. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा. धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं १८९३ मध्ये. मधे ३७ वर्षं गेली, आणि तरीही मुरुडला गावाने त्यांना वाळीत टाकलं. आपल्याच घरी जायची चोरी झाली. कायदा इंग्रजांच्या कपाटात, गाव आपल्या जागी. माझ्या आजीची मोठी बहीण बालविधवा. केस काढलेली, आलवणातली मी लहानपणी पाहिली आहे. तिला त्या कायद्याने काय दिलं? काही नाही. लोकांची मनं वळायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागतोच. म्हणून म्हणतो, आधी समाज, मग कायदा. उलटं केलंत की माणसं अडून बसतात.

वाशी_फलाट_एक

नाना, नमस्कार. तुमच्याच उदाहरणावर बोलतो. कर्व्यांना वाळीत टाकलं, पण ते लग्न बेकायदेशीर आहे असं कोणाला म्हणता आलं का? आनंदीबाई झालेल्या गोदूबाई पत्नीच राहिल्या, मुलं वारसच राहिली. गाव रुसलं तरी कागद रुसला नाही. मला तेवढाच कागद हवाय. गावजेवण नको.

मी आणि माझा जोडीदार नऊ वर्षं एकत्र आहोत. दोन वर्षांपूर्वी त्याचं ॲपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. रात्री दीड वाजता फॉर्मवर सही करायची वेळ आली. नात्याच्या रकान्यात मी 'मित्र' लिहिलं. काउंटरवरच्या बाई भल्या होत्या, पण म्हणाल्या, घरचं कोणी बोलवा. त्याचं घरचं कोणी म्हणजे साताऱ्याला राहणारा भाऊ, जो त्याच्याशी बोलत नाही. भावाने फोनवर होकार दिला, त्याबद्दल त्याचे आभार. माझ्या नऊ वर्षांपेक्षा तो एक मिनिटाचा फोन वजनदार ठरला.

२०२४ मध्ये सरकारने दोन गोष्टी स्पष्ट केल्या: असे जोडीदार रेशनकार्डासाठी एका घरातले धरावेत, आणि बँकेत जॉइंट खातं उघडायला कसलीही आडकाठी नाही. चांगलंच आहे. तांदूळ एकत्र, पैसे एकत्र. पण पीएफच्या पेन्शन योजनेत 'कुटुंब' म्हणजे पती किंवा पत्नी आणि मुलं, आणि तिथे आम्ही पुन्हा फलाटावरचे अनोळखी.

आणि मतदान? खारघर_हिल्स यांचं लग्न कोणाच्या मताला टाकलं होतं? त्यांच्या बायकोच्या काकांचा विरोध असेल तर असेल, पण पनवेल तालुक्याला तर कोणी विचारलं नव्हतं ना?

सानपाडा_सेक्टर_पाच

+१. काकांचा विरोध सगळ्यांच्याच लग्नात असतो.

खारघर_हिल्स

काकांचा नव्हता, मामांचा होता :) असो.

वाशी_फलाट_एक, तुमची रात्रीची गोष्ट वाचून वाईट वाटलं, हे मनापासून. सहीचा, पेन्शनचा, नॉमिनीचा प्रश्न सोडवा, माझा पाठिंबा. त्यासाठी 'लग्न' कशाला हवं? वेगळी नोंदणी करा, वेगळं नाव द्या. आणि मतदानाची तुम्हाला भीती वाटते म्हणून ते चुकीचं ठरत नाही. अमेरिकेत २०१५ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी देशभर मान्यता दिली, तेव्हा सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी विरोधी निकालपत्रात हीच चिंता मांडली होती की चालू असलेली लोकांमधली चर्चा कोर्टाने मधेच बंद केली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ ला शहाणपणा दाखवला. पाचही न्यायमूर्ती म्हणाले, लग्न हा मूलभूत हक्क नाही, कायदा करणं संसदेचं काम.

कोपरी_ते_कोर्टनाका

वेगळ्या नावाच्या नोंदणीचाही विषय त्याच निकालात होता. तिथे तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली आणि तीन जिंकले, म्हणजे तेही नाही मिळालं. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. संसदेचं म्हणाल तर सुप्रिया सुळे यांनी २०२२ मध्ये १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारं खासगी विधेयक मांडलं होतं. खासगी विधेयकांचं जे होतं तेच त्याचं झालं. कोर्ट म्हणतं संसदेकडे जा, आणि संसदेत विषयच निघत नाही. तालुक्याच्या कचेरीत 'साहेब जेवायला गेलेत' म्हणतात तसं.

मतदानाबद्दल एक गंमत सांगते. कॅलिफोर्नियात 'हो' म्हणजे लग्नाला 'नको' होतं. लग्नाच्या बाजूचा माणूस असेल तर त्याने 'नाही'वर खूण करायची. त्यावरून गोंधळ उडाला. प्रस्तावाचं शीर्षक तिथल्या ॲटर्नी जनरलने बदलून 'समलिंगी जोडप्यांचा लग्नाचा हक्क काढून घेणारा' असं केलं, त्यावर बंदीवाले कोर्टात गेले. प्रश्न कोण लिहितो यावर अर्धा निकाल ठरतो. तुमच्या सभेत 'त्या दोघांना घराबाहेर काढायचं का' असं विचारलं असतं तर किती हात वर गेले असते? 'फक्त कुटुंबांना' म्हटलं की कोणालाही वाईट वाटत नाही.

आणि लोकांनी ठरवलेलं तरी कुठे टिकतं? १९९८ ते २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ३० राज्यांनी मतदानाने अशा बंद्या राज्यघटनेत घातल्या. नॉर्थ कॅरोलायना मे २०१२ मध्ये, ६१ टक्क्यांनी. सहाच महिन्यांनी मिनेसोटाने तशीच बंदी नाकारली. कॅलिफोर्नियाने स्वतःचीच बंदी २०२४ च्या मतदानात पुसून टाकली. तोवर ती कोर्टांमुळे निकामी होऊन ११ वर्षं झाली होती. तैवानमध्ये नोव्हेंबर २०१८ च्या सार्वमतात लोक मोठ्या बहुमताने नाही म्हणाले, आणि मे २०१९ मध्ये तिथल्या संसदेने कायदा केलाच, कारण कोर्टाने मुदत घालून दिली होती. आशियातला पहिला देश.

खारघर_हिल्स

म्हणजे लोक हो म्हणाले तर आयर्लंड, नाही म्हणाले तर तैवान. चित भी मेरी पट भी मेरी. याच प्रकाराला लोक वैतागतात.

कोपरी_ते_कोर्टनाका

हे मान्य, टोला बरोबर बसला. म्हणूनच मी आयर्लंडचं उदाहरण देत नाही, धागाकर्ते देतात. माझ्या मते तिथेही मतदान व्हायला नको होतं. जिंकले म्हणून गोड. आपल्याच शेजाऱ्याच्या दारावर थाप मारून 'माझ्या लग्नाला हो म्हणता का' असं विचारत फिरायचं, यात कसली लोकशाही?

घंटाळीचे_नाना

बाई, एक विसरताय. हिंदूंच्या लग्न-वारशाचे कायदे बदलणाऱ्या हिंदू कोड बिलाला लोकांसमोर जावं लागलंच. आंबेडकरांनी १९५१ मध्ये राजीनामा दिला, बिल अडकलं म्हणून. पहिल्या निवडणुकीत फुलपूरला नेहरूंच्या विरोधात प्रभुदत्त ब्रह्मचारी नावाचे साधू उभे होते, ते मुख्यतः याच मुद्द्यावर. नेहरू निवडून आले, मग १९५५-५६ मध्ये तुकड्यातुकड्याने कायदे झाले. ज्याला हे हवंय त्याने निवडणुकीत उघड बोलावं आणि निवडून यावं. आमच्या ठाण्यात एकाही पक्षाने पत्रकावर हा विषय छापलेला मी पाहिला नाही. खड्डे आणि पाणी, खड्डे आणि पाणी.

वाशी_फलाट_एक

नाना, हे मात्र पटलं. पण कोण छापणार? आम्ही मोजके. आमच्या मतांनी एक वॉर्डही पडत नाही.

दिवाळे_कोळी

आमच्या गावात हळदीला अख्खं गाव नाचतं. दोन वर्षांपूर्वी एका हळदीत नवऱ्या मुलाचा 'खास मित्र' इतका रडला की सगळ्यांना कळलं. कोणी काही बोललं नाही. माझ्या आईने त्याला जेवायला बसवलं. एवढंच. त्या नवरीचं पुढे काय झालं ते विचारू नका. समाज आधी बदलू दे म्हणणाऱ्या नानांनी तिच्यासारख्यांचा हिशोब कुठे धरलाय तेवढं सांगावं.

घंटाळीचे_नाना

धरलेला नाही. खरं आहे.

खारघर_हिल्स

दिवाळे_कोळी यांच्या प्रतिसादाला माझ्याकडेही उत्तर नाही. तरी लग्नाबद्दलचं माझं मत तेच आहे, एका दुःखद गोष्टीने तत्त्व बदलत नाही. पण नेरुळ_जुना, तुम्ही मघाच्या प्रश्नाला बगल दिलीत. आम्ही तरी नावानिशी विरोध करतोय. तुमचा हात वर होता की नव्हता?

नेरुळ_जुना

दोघांनी विचारलंत. वर होता.

दुसऱ्या रांगेत बसलो होतो, शेजारी सेक्रेटरी, तोच हात मोजत होता. बंद पेटी असती तर काय केलं असतं ते मला खरंच सांगता येत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या दोघांपैकी एक जण सभेत होता, हे मी वर लिहिलं नाही. खुर्च्या लावायला त्याला बोलावलं होतं, मग तो मागे भिंतीला टेकून उभा राहिला. भाडेकरू, त्यामुळे त्याला मत नव्हतं. ठराव झाल्यावर वड्यांच्या प्लेटा त्यानेच फिरवल्या.

टाकीचं काम मंगळवारपासून.