परदेशी माणसावर पाळत ठेवायला कोणाची परवानगी लागते?

सरमिसळ (धागाकर्ता)

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहात एका दुरुस्तीवर मतदान झालं. पाळतीतून जमलेल्या साठ्यात अमेरिकी माणसाच्या नावाने शोध घ्यायचा असेल तर एफबीआयने आधी वॉरंट आणावं, एवढीच मागणी होती. २१२ विरुद्ध २१२ अशी बरोबरी झाली आणि दुरुस्ती पडली. पुढे या पाळतीच्या मूळ कायद्याला दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली.

भांडणाचा सगळा रोख 'आपल्या' नागरिकांवर होता. मुळात तो साठा ज्यांच्या ईमेल-चॅटमधून उभा राहतो, ते बाहेरचे लोक हा वादाचा विषयच नव्हता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : हे 'फिसा' या परकीय गुप्तवार्तांसाठीच्या पाळतीच्या अमेरिकी कायद्याचं कलम ७०२, २००८ सालचं. अमेरिकेबाहेर असलेल्या, अमेरिकी नसलेल्या कोणालाही लक्ष्य करायला वैयक्तिक वॉरंट लागत नाही. तो माणूस दहशतवादी असायची गरज नाही, त्याच्याकडून 'परकीय गुप्तवार्ता' मिळेल एवढी अपेक्षा पुरते. गुप्त न्यायालय वर्षातून एकदा कार्यपद्धतीला मंजुरी देतं, लक्ष्यांची नावं एकेक करून तपासत नाही. २०२३ साली अशी २,६८,५९० लक्ष्यं होती, हा त्यांच्याच सरकारचा आकडा.

माझं म्हणणं असं : सरकारने स्वतःच्या नागरिकांना जास्त द्यावं, शाळा, पेन्शन, संरक्षण काय हवं ते. त्याबद्दल परक्याने तक्रार करायचं कारण नाही. पण परक्याच्या घरात न शिरणं ही काही त्याला दिलेली सवलत नव्हे. ते नागरिकत्वाच्या आधीचं आहे.

रोखठोक राव

धागा वाचायला छान, पण हेरगिरी परक्यांवरच करायची असते हो. घरच्यांवर केली की तिला दडपशाही म्हणतात. दोन्ही एकाच मापाने मोजायची तर परराष्ट्र गुप्तचर खातं बंदच करा.

तेही एकदा करून झालंय. १९२९ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री स्टिमसन यांनी सांकेतिक तारा फोडणाऱ्या 'ब्लॅक चेंबर'चा निधी तोडला. सभ्य गृहस्थ एकमेकांची पत्रं वाचत नाहीत, असा त्यांचा बाणा. दुसऱ्या महायुद्धात हेच गृहस्थ युद्धमंत्री झाले आणि फोडलेले जपानी संदेश त्यांच्या टेबलावर येऊ लागले. ते त्यांनी परत पाठवल्याचं कुठे ऐकलं नाही.

सरमिसळ

राव, स्टिमसनच्या टेबलावर जपानी दूतावासाच्या तारा येत होत्या. टोकियोतल्या शाळामास्तरांची पत्रं नव्हे. शत्रूराष्ट्राचा राजदूत आणि लाखो सामान्य माणसं यांना एकाच 'परकीय' खणात टाकलं की तुमचा युक्तिवाद सोपा होतो, एवढंच.

२०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन या कंत्राटी कर्मचाऱ्याने फोडलेल्या कागदांतून 'बाउंडलेस इन्फॉर्मंट' नावाचं, एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचं साधन बाहेर आलं. मार्च २०१३ या एका महिन्यात जगभरातून ९७ अब्ज नोंदी, त्यातल्या ६.३ अब्ज भारतातल्या. इराण, पाकिस्तान, जॉर्डन, इजिप्त आणि मग आपण. इतके राजदूत कुठून आणायचे?

तिरकस

आणि त्यावर आपले तेव्हाचे परराष्ट्रमंत्री सलमान खुर्शीद काय म्हणाले? ही खरी हेरगिरी नाहीच, संगणकाने केलेलं कॉल-ईमेलच्या पॅटर्नचं विश्लेषण आहे! ब्राझीलच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष दिल्मा रूसेफ यांनी त्याच वर्षी वॉशिंग्टनचा दौरा रद्द केला. आपण वकीलपत्र घेतलं. तेही फुकट.

कळफलक

धाग्यात दोन गोष्टींची सरमिसळ झालीये (आयडीला जागलात!). कलम ७०२ तांत्रिकदृष्ट्या 'सरसकट' नाही. विश्लेषक एक ईमेल पत्ता किंवा फोन नंबर टाकतो, त्याला 'सिलेक्टर' म्हणतात. मग एकतर गूगल, मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीकडून त्या खात्याचा मजकूर घेतला जातो (हेच ते गाजलेलं 'प्रिझम'), नाहीतर अमेरिकेतल्या मुख्य केबलवरून वाहत्या डेटातून त्या सिलेक्टरचे संदेश वेचले जातात. प्रत्येक सिलेक्टरमागे कारण लिहावं लागतं.

खरं सरसकट म्हणजे कार्यकारी आदेश १२३३३. १९८१, रेगन. अमेरिकेबाहेर, परक्यांचं जे गोळा करायचं ते या आदेशाखाली. ना संसदेचा कायदा, ना न्यायालयाची वार्षिक मंजुरी. २०१४ मध्ये ओबामांनी निर्देश काढून सरसकट गोळा केलेल्या माहितीचा वापर सहा कारणांपुरता मर्यादित केला. वापर मर्यादित, गोळा करणं चालूच. सगळ्यांचं लक्ष ७०२ कडे असतं कारण त्याची मुदत संपते आणि संसदेत तमाशा होतो. १२३३३ ला मुदतच नाही.

रोखठोक राव

कळफलक, आभार. म्हणजे ज्या कायद्यावर धागाकर्ते तुटून पडलेत तोच त्यातल्या त्यात शिस्तीचा आहे. चला, अर्धा धागा इथेच आटोपला.

उत्तररात्र

आटोपला नाही, राव. 'लक्ष्य' एक असतं, जाळ्यात किती येतात ते बघा.

जुलै २०१४ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने स्नोडेनने दिलेला एक प्रत्यक्ष साठा तपासला. सुमारे १,६०,००० ईमेल आणि चॅट, ११,००० हून जास्त खाती. दहातले नऊ खातेदार लक्ष्य नव्हतेच. कोणी लक्ष्याला लिहिलं होतं, कोणी नुसतं त्याच चॅटरूममध्ये होतं. आत काय होतं? प्रेमप्रकरणं, मोडलेली लग्नं, मानसिक आजारपणं, पैशाच्या काळज्या. तान्ह्या बाळांचे फोटो. नातेवाइकांनी एकमेकांना पाठवलेले वैद्यकीय कागद. नोकरी शोधणाऱ्यांचे बायोडेटा. विश्लेषकांनीच 'निरुपयोगी' ठरवलेला हा मजकूर, तरी ठेवून दिलेला.

त्यात अमेरिकी नावं आली की बहुतेक ठिकाणी झाकली जात. बाहेरच्यांची झाकायचं बंधन नाही. तुमच्या आईचा रिपोर्ट तुमच्या भावाने तुम्हाला पाठवला आणि तो कुठेतरी नावासकट पडून आहे. तुम्हाला कळणार नाही, कळलं तरी काढून टाका म्हणायची सोय नाही. याला शिस्त म्हणायचं असेल तर म्हणा.

रोखठोक राव

त्याच बातमीचा दुसरा भाग तुम्ही गाळलात. त्याच साठ्यात हेही होतं की पन्नासहून जास्त टोपणनावांची खाती महिनोन्महिने पाळतीखाली ठेवल्यामुळे २०११ मध्ये अबोटाबादमध्ये ताहिर शहजाद हा बॉम्ब बनवणारा आणि बाली स्फोटातला संशयित उमर पाटेक हाती लागले. बालीत २००२ साली २०२ माणसं मेली, त्यातले बहुसंख्य ना अमेरिकी होते ना इंडोनेशियन. म्हणजे या 'परक्यांच्या' पाळतीचा फायदा परक्यांनाही होतो. बाळांचे फोटो साठवले गेले हे वाईटच. पण कोणाला लक्ष्य करायचं हे आधीच पक्कं कळत असतं तर पाळतीची गरजच काय होती?

सरमिसळ

फायदा होतो हे कोण नाकारतंय? प्रश्न वेगळा आहे. अमेरिकी नागरिकांच्या फोनच्या नोंदी सरसकट गोळा करायचा कार्यक्रमही फायद्याच्याच नावाखाली चालला होता. २०१४ च्या जानेवारीत त्यांच्याच देखरेख मंडळाने, पीसीएलओबीने, तपासून सांगितलं की दहशतवादाच्या तपासात त्याने ठोस फरक पडल्याचं एकही प्रकरण दिसत नाही. २०१५ मध्ये संसदेने तो बंद केला. का झाला बंद? ज्यांच्या नोंदी होत्या ते मतदार होते.

(तेच मंडळ ७०२ ला उपयुक्त म्हणालं होतं, हे मीच सांगून टाकतो, नाहीतर राव सांगतीलच.)

आमच्याकडे मत नाही. चुकीचा निर्णय झाला तर पाडायला कोणतं सरकारच नाही. म्हणून परक्यांच्या बाबतीत कायद्याचं कुंपण जास्त मजबूत हवं. आहे ते उलट.

कलमबहाद्दर

कायद्याची बाजू कोणी मांडलीच नाही म्हणून.

अमेरिकेत १९९० चा व्हर्दुगो-उर्किदेझ निकाल : परदेशी माणसाच्या परदेशातल्या मालमत्तेच्या झडतीला चौथी घटनादुरुस्ती (अवाजवी झडतीपासून संरक्षण देणारी) लागू नाही, कारण तिच्यातले 'द पीपल' म्हणजे त्या राष्ट्रसमुदायाशी नातं असलेले लोक. पाळतीचं समर्थन आजही याच पायावर उभं असतं.

जर्मनीने याच्या बरोबर उलट केलं. १९ मे २०२० रोजी त्यांच्या घटनान्यायालयाने सांगितलं की जर्मन सत्ता जिथे हात घालेल तिथे मूलभूत हक्क तिला बांधून ठेवतात, समोरचा परदेशात राहणारा परदेशी असला तरी. अर्जदारांत परदेशी पत्रकार होते. जर्मन गुप्तचर संस्था बीएनडीच्या कायद्यातल्या तरतुदी घटनाबाह्य ठरल्या, संसदेला नवा कायदा करावा लागला. आणि बीएनडी बंद पडली नाही, हे 'खातंच बंद करा' म्हणणाऱ्यांसाठी.

तिरकस

जर्मनांचं कौतुक जरा बेतानं. २०१३ मध्ये अमेरिकेने त्यांच्या चॅन्सलर मर्केलबाईंचा फोन ऐकल्याचं फुटलं तेव्हा मित्रांमध्ये हेरगिरी चालत नाही म्हणून केवढा आव आणला. नंतर निघालं की बीएनडीही मित्रदेशांवर कान लावून होती. आणि स्वित्झर्लंडची क्रिप्टो एजी आठवा : कितीतरी देशांना सांकेतिक यंत्रं विकणारी कंपनी, मालक छुपे, सीआयए आणि हेच बीएनडीवाले. गिऱ्हाइकांत भारतही होता. म्हणजे ऐकून घ्यायचे पैसे आपणच भरले.

रोखठोक राव

धन्यवाद तिरकस, माझंच काम केलंत. सगळे करतात, सगळ्यांना माहीत आहे की सगळे करतात. युरोपला त्रास झाला तेव्हा त्यांनी तत्त्वज्ञान सांगितलं नाही, बाजारपेठ दाखवली. मॅक्स श्रेम्स या ऑस्ट्रियन कार्यकर्त्याच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने २०१५ आणि २०२० मध्ये दोनदा युरोपीयांचा डेटा अमेरिकेत पाठवायची व्यवस्था मोडीत काढली, कंपन्यांचा धंदा अडकला, मग २०२२ मध्ये बायडेन यांनी आदेश १४०८६ काढून परदेशी लोकांना पाळतीविरुद्ध तक्रारीची सोय केली. हक्क असा मिळतो. सौदा करून.

उत्तररात्र

आणि ती सोय कोणाला? अमेरिकेने मान्यता दिलेल्या देशांतल्या लोकांना. युरोपीय संघ आणि त्याच्या भोवतीचे देश, ब्रिटन, स्वित्झर्लंड. भारतातला माणूस त्या खिडकीशी जाऊच शकत नाही. ज्याची बाजारपेठ मोठी त्याच्या आईचा रिपोर्ट खासगी! सौद्याने मिळतं ते तुम्ही हक्क म्हणून खपवताय. शिवाय जानेवारी २०२५ मध्ये पीसीएलओबीचे डेमोक्रॅट सदस्य काढून टाकले, गणसंख्याच उरली नाही. युरोपने सौद्यात मिळवलेल्या देखरेखीचा एक खांब तेच मंडळ होता.

रोखठोक राव

मग नियम तुम्ही लिहून दाखवा. 'परक्यांचा आदर करा' असं सुभाषित नको. कोणत्या टप्प्यावर कोणी कोणाला विचारायचं?

सरमिसळ

लिहितो. लक्ष्य कोण आणि का, याचे नमुने न्यायालयाने दर तिमाहीला काढून तपासावेत, वर्षातून एकदा नुसती कार्यपद्धती नव्हे. 'परकीय गुप्तवार्ता'ची व्याख्या शस्त्रं, हल्ले, सायबर घुसखोरी अशी आवळावी. आज 'परराष्ट्र धोरणाला उपयुक्त' म्हणून कोणीही बसतो, पत्रकारही. लक्ष्य नसलेल्याचा मजकूर निरुपयोगी ठरला की ठरावीक मुदतीत पुसावा, पासपोर्ट न बघता. यातलं एकही केल्याने उमर पाटेक सुटला नसता.

कलमबहाद्दर

शेवटच्या मुद्द्याला आधार सापडतो. सप्टेंबर २०२३ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने फ्लोरिडा आणि बर्लिनमधल्या दोघांच्या अर्जावर ब्रिटनविरुद्ध निकाल दिला. माणूस कुठे राहतो ते महत्त्वाचं नाही. संदेश ब्रिटनमध्ये अडवला, चाळला, वाचला, म्हणजे हक्कभंग ब्रिटनच्या भूमीवर झाला.

रोखठोक राव

हा निकाल मलाही पटतो. पण त्याने गुप्तचरांना वाटही दाखवली : केबल आपल्या किनाऱ्यावर फोडू नका, दुसऱ्याच्या किनाऱ्यावर फोडा, आणि चाळायचं कामही तिकडेच करा. कळफलक यांचा १२३३३ हेच नाही का करत? तुमचे तिन्ही नियम ज्या न्यायालयाच्या भरवशावर आहेत, त्याच्या हद्दीत ही केबल येतच नाही.

कळफलक

तेच करतो. म्हणून नियम केबलच्या जागेवर नको, ऐकणाऱ्या संस्थेवर हवा. जर्मन निकाल तसा आहे, ब्रिटनचा नाही. अमेरिकेत यासाठी १२३३३ ला संसदेच्या कायद्यात आणावं लागेल, आणि ज्या सभागृहाला स्वतःच्या नागरिकांसाठी एक मत जास्तीचं मिळालं नाही ते हे कधी करणार, हे राव तुम्हीच सांगा.